ढेकरांची शिकवणी

माझा व्यवसाय लोकांना ढेकर द्यायला शिकवण्याचा होता. इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी "स्पीच थेरपिस्ट" एवढंच सांगायचे, कारण विचारणाऱ्याच्या हातात बहुधा जेवणाचं ताट असायचं. पुण्याला आईला मात्र खरं सांगितलं होतं. ती फोनवर म्हणाली, "एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन, ढेकर? तुझे बाबा तर काही न शिकता देतात."

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा नीट समजावून सांगायला हरकत नाही. घशाच्या कॅन्सरमध्ये काही जणांचं स्वरयंत्र पूर्ण काढून टाकावं लागतं. त्यानंतर श्वास नाकातोंडातून येत-जात नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला एक छिद्र करतात, माणूस तिथून श्वास घेतो. जीभ, दात, ओठ सगळं जागच्या जागी असतं, फक्त त्यांना मिळणारी हवा बंद होते. बासरी शाबूत, फुंकणारा दुसऱ्या खोलीत, अशी ती अवस्था.

मग बोलायचे तीन मार्ग उरतात. एक, गळ्याला टेकवायचं बॅटरीवरचं यंत्र, ज्यातून एकसुरी घरघर येते. दुसरा, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची एक छोटी झडप. आणि तिसरा, माझा लाडका. तोंडातली हवा जिभेने मागे ढकलून अन्ननलिकेत घ्यायची आणि लगेच ढेकरेसारखी वर सोडायची. वर येताना ती थरथरते. त्या थरथरीला जीभ आणि ओठांनी आकार दिला की शब्द होतो. शिकायला महिनोन्महिने जातात, आणि शिकवणारीला स्वतःला यावं लागतं. मी गाडीत सराव करायचे. टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक काच वर करून घ्यायचे.

कोच हार्लन मेबरी माझ्याकडे आले ते एका मार्च महिन्यात, बायकोबरोबर. तिचं नाव डोरीन. साठीला टेकलेला, दारातून किंचित तिरका होऊन आत येणारा हा माणूस खुर्चीत बसला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. अर्विंगपासून तासाभरावरच्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात ते फुटबॉलचे मुख्य कोच होते. फुटबॉल म्हणजे इथला, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मला तेव्हा त्यातलं एवढंच माहीत होतं, आणि पुढेही त्यात फार भर पडली असं नाही.

नवीन पेशंट येताना हातात कोरी पाटी घेऊन येतात. कोचनी स्वतःची आणली होती, मुलांना डाव समजावण्याची. तिच्यावर गोल आणि फुल्या काढलेल्या होत्या. एक कोपरा बाहीने पुसून त्यांनी लिहिलं, "मॅम, सुरू करण्याआधी एक मिनिट प्रार्थना केली तर चालेल?"

मी "शुअर" म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं, कारण इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी प्रार्थना ही थेरपी नाही. देवाशी माझे संबंध दूरच्या नातेवाइकासारखे आहेत. सणाला भेट होते, एरवी चौकशी नाही. पण कोच प्रत्येक वेळी डोळे मिटून बसायचे. शेवटी एकदा मी विचारलं, "रोज काय मागता एवढं?"

त्यांनी लिहिलं, "तुमच्यासाठी सहनशक्ती."

डोरीन म्हणाली, "हनी, याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी मीसुद्धा तेच मागते."

ती प्रार्थना वाया गेली नाही, तिची पुरेपूर गरज पडली. झडप बसवली, पण रेडिएशनने आतली जागा सैल झाली होती. कॉफी प्यायली की ती झडपेच्या कडेने श्वासनलिकेत उतरायची आणि कोच खोकून खोकून लाल व्हायचे. डॉक्टरांनी झडप काढून टाकली. यंत्र त्यांना आवडत नव्हतं. "खिडकीतून बर्गर विकणाऱ्या दुकानाचा भोंगा वाटतो मी," असं त्यांनी लिहिलं होतं. ढेकर काही येत नव्हती. मी वेगवेगळ्या कोलांच्या बाटल्या उघडून पाहिल्या. इंडियन स्टोअरमधून जिरा मसाला सोडा आणला. कोचनी नम्रपणे तो संपवला आणि लिहिलं, "थँक यू, मॅम." ढेकर आली ती मला.

मग मैदानावरचा तो प्रकार झाला. मी तिथे नव्हते, डोरीनने फोनवर सांगितला. वसंतातला सराव सुरू झाला होता आणि कोच ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मुलांसमोर उभे होते. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि फुंकर मारली. शिट्टी वाजली नाही. गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडला.

सगळी टीम बुटांकडे बघत उभी राहिली. कोचनी खिशातून यंत्र काढून गळ्याला लावलं आणि काहीतरी बोलले. एका मुलाला हसू आलं. भीतीने येतं तसलं. मग तोच मुलगा रडायला लागला. कोचनी यंत्र खिशात ठेवलं, त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते माझ्याकडे यायचे थांबले.

मी पेशंटना माहितीची छापील पानं द्यायचे. आंघोळ कशी करायची, वास येत नाही म्हणून गॅसची काळजी कशी घ्यायची, सगळं त्यात असायचं. शिट्टीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. फुटबॉलच्या कोचला शिट्टी लागते, हे या तज्ज्ञ बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

काही आठवड्यांनी डोरीनचा पुन्हा फोन आला. "रविवारी जेवायला ये. हार्लन चर्चला जात नाही आता. प्रार्थनाही करत नाही. मी आजवर त्याला पुष्कळ वेळा हरलेलं पाहिलंय, पण असं नाही." शिवाय कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख फुलं घेऊन घरी येऊन गेले होते. फार प्रेमाने त्यांनी सुचवलं होतं की कोचनी आता मैदान सोडून सल्लागार व्हावं, एक छान खोली आणि त्यांच्या नावाची पाटी. हंगाम सुरू होण्याआधी निर्णय घ्यायचा होता.

पेशंटच्या घरी जेवायला जायचं नसतं. श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, मी म्हटलं, "आपण सहज ड्राइव्हला जातोय." तो आयटीतला माणूस. वाटेत त्याने मला फुटबॉल समजावला, पूर्णपणे क्रिकेटच्या भाषेत. त्यामुळे मला जे थोडं कळत होतं तेही गेलं.

कोच मागच्या अंगणात एकटेच बसले होते. मी शेजारी बसले. तयार करून आणलेली वाक्यं होती, संयम, प्रगती, टप्पे वगैरे. त्यातलं एक म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते.

"मला मोठ्याने प्रार्थना करायची सवय आहे, मॅम. लहानपणापासून. मनात करायला घेतली की दोन वाक्यांनंतर डोक्यात फुटबॉलचे डाव सुरू होतात. देव ऐकत असेलही. पण मलाच माझं ऐकू येत नाही."

याच्यावर माझ्याकडे कुठलंच छापील पान नव्हतं. मी म्हटलं, "कोच, मी आरती म्हणताना भाजी कुठली करायची ते ठरवते."

त्यांचे खांदे हलले. स्वरयंत्र नसलेला माणूस हसतो तेव्हा आवाज येत नाही, खांद्यांकडे बघावं लागतं.

जेवणात डोरीनने केलेलं बटाट्याचं सॅलड होतं. मी त्यावर आडवा हात मारला. डोरीनने कौतुकाने विचारलं, "तुमच्या भाषेत पोटॅटोला काय म्हणतात?"

"बटाटा," मी म्हणाले, आणि थांबले.

ढेकरेच्या बोलण्यात एक मर्म असतं. प, ब, ट, ड, क ही अक्षरं उच्चारताना तोंडात हवा क्षणभर कोंडली जाते, आणि त्याच दाबाने ती मागे ढकलता येते. म्हणून शिकवणी या अक्षरांपासून सुरू होते. मी कोचना महिनाभर पॉट, टॉप, कप असले इंग्रजी शब्द देत होते, आणि ते परीक्षेला बसवलेल्या मुलासारखे ते म्हणत होते. बटाटा या शब्दात तर दुसरं काही नाहीच. ब, ट, ट. पायरीवर पायरी.

मी ताट बाजूला ठेवलं आणि ढेकरेच्या आवाजात म्हणाले, "बटाटा." श्रीकांतने डोळे मिटून घेतले. डोरीन म्हणाली, "लॉर्ड हॅव मर्सी." कोचचे खांदे इतके हलले की त्यांना काटा खाली ठेवावा लागला. मग त्यांनी स्वतः ओठ मिटले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नुसती हवा. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा प्रयत्न केला.

"बटाटा."

खर्जातला, खरखरीत, ओल्या लाकडासारखा आवाज. पण स्पष्ट. डोरीन उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. पिचलेल्या मनाच्या माणसाला धर्मग्रंथातलं काहीतरी ऐकवायला हवं होतं, आणि मी त्याला भाजीचं नाव दिलं होतं.

सोमवारी कोच क्लिनिकमध्ये हजर. टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. त्या दिवसापासून ते रोज गाडीत, न्हाणीघरात, गवत कापताना सराव करू लागले. जून संपेपर्यंत ते एका हवेत चार-पाच अक्षरं बोलू लागले. मग पुन्हा हवा घ्यायची. पूर्वी त्यांची भाषणं फार लांबायची म्हणे. एकदा त्यांच्याबरोबर क्लिनिकमध्ये आलेला असिस्टंट कोच मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅम, खरं सांगू का, मुलांना आता जास्त आवडतात."

खरी पंचाईत डावांच्या नावांची होती. फुटबॉलमध्ये प्रत्येक डावाला नाव असतं. कोचनी नाव पुकारलं की कुणी कुठे पळायचं ते ठरलेलं. जुन्या नावांत ह आणि म भरपूर, आणि तीच अक्षरं कोचना जमत नव्हती. तेव्हा आम्ही बसून नवी नावं पाडली. ज्या बाईला मैदानाची कुठली बाजू आपली हे कळत नव्हतं, ती टेक्सासमधल्या टीमच्या डावांचं बारसं करत होती. टिकटॅक, बॅकपॅक, पोपट, आणि अर्थात बटाटा. बटाटा हा सगळ्यांनी डावीकडे पळाल्यासारखं दाखवून उजवीकडे जायचा डाव होता. तो मला आजही समजलेला नाही.

एक दिवस कोचनी पाटी पुढे केली. तिच्यावर त्यांची सामन्याआधीची प्रार्थना लिहिलेली होती, वर्षानुवर्षं मुलांसमोर म्हटलेली. "ही बसवून द्या," ते म्हणाले.

मी गणपतीपुढे भाजी ठरवणारी बाई. लाल पेन घेऊन प्रार्थनेतली अवघड अक्षरं खोडायला बसले. सुरुवातच अडली. 'हेवनली फादर' म्हणायला पहिलंच अक्षर ह. मी भीतभीत म्हटलं, "देवाला हाक मारायला दुसरा काही शब्द चालेल का? प किंवा ब असलेला?"

कोचनी पाटी माझ्याकडून घेऊन उलटी ठेवली. मग त्यांनी हवा घेतली. "अब्बा."

मला वाटलं त्यांनी माझीच चेष्टा केली. पुण्यात आमच्या शेजारची मुलं वडिलांना अब्बा म्हणायची, संध्याकाळी ते घरी आले की जिन्यात तीच हाक घुमायची. मी कोचना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. थांबत थांबत, हवा घेत घेत, त्यांनी मला समजावलं की येशूने त्याच्या सगळ्यात वाईट रात्री, क्रुसावर चढवायच्या आदल्या रात्री, बापाला हाच शब्द वापरून हाक मारली होती. "मी शिकवतो. रविवारी. चर्चमध्ये. पोरांना. किती वर्षं. आज कळला." मी लाल पेन खाली ठेवलं. उरलेली प्रार्थना त्यांनीच छोटी केली.

ऑगस्टच्या शेवटी, हंगामाआधीच्या अखेरच्या सरावाला विभागप्रमुख स्वतः येणार होते. मुलांना कोचचं बोलणं कळतंय का, हे बघून ते सल्लागारपदाचं ठरवणार होते. कोचनी मलाही बोलावलं. ऊन असं की डांबर बुटाला चिकटावं. मी छत्री उघडून उभी राहिले. टेक्सासच्या फुटबॉल मैदानावर उन्हासाठी उघडलेली ती बहुधा एकमेव छत्री असावी, कारण प्रमुख माझ्याकडे बघत बघतच आले.

कोचच्या कमरेला छोटा स्पीकर होता आणि तोंडाशी माइक, कारण ढेकरेचा आवाज फार लांब जात नाही. सुरुवात झकास झाली. कोच म्हणाले "पोपट," मुलं पळाली. कोच म्हणाले "बटाटा," मुलं डावीकडे, मग उजवीकडे. प्रमुख वहीत काही लिहीत होते. माझी छाती अभिमानाने फुगली होती, तेवढ्यात स्पीकर एकदा कुरकुरला आणि बंद पडला. उन्हाने गेला. असिस्टंटने बटणं दाबली, थोपटलं, काही उपयोग नाही. कोचचे ओठ हलत होते आणि लांबच्या मुलांना काहीच कळत नव्हतं. ती जागच्या जागी थांबली.

प्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा चेहरा खरोखर वाईट वाटलेल्या माणसाचा होता.

कोचनी माइक काढून गवतावर ठेवला. दोन्ही हातांनी मुलांना जवळ या अशी खूण केली. ती आली. अजून जवळ, अशी खूण केली. मग ती सगळी अवाढव्य पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोकी खाली घालून, एका माणसाभोवती दाटीवाटीने उभी राहिली. कोच दिसेनासे झाले.

"काय बोलतायत?" प्रमुखांनी मला विचारलं.

"मला इथून ऐकू येत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. शब्द मला पाठ होते. अब्बा, बळ दे. डोकं दे. कुणाला दुखू नये. कुणी एकटा पडू नये. पण ऐकू येत नव्हतं.

मग त्या घोळक्यातून एकदम, सगळ्यांच्या तोंडून, "आमेन" आलं. तो पोरगा, जो वसंतात हसला आणि रडला होता, सगळ्यात मागे होता. त्यालाही ऐकू गेलं होतं.

प्रमुखांनी वही मिटली. "चांगला स्पीकर घ्यायला हवा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. सल्लागाराच्या खोलीचा विषय नंतर कुणी काढला नाही.

पहिल्या सामन्याला आम्ही सहकुटुंब गेलो. मी ठेवणीतला जांभळा कुर्ता घातला होता. जांभळा हा समोरच्या टीमचा रंग होता, हे मला आमच्या बाजूच्या बाकावर बसल्यावर कळलं. मी उत्साहाने टाळ्या वाजवत होते. मुलगी ईरा दात-ओठ खात म्हणाली, "आई, स्टॉप. दॅट वॉज देम, नॉट अस." आम्ही हरलो. त्या हंगामात जिंकलो त्याहून हरलोच जास्त. कोच म्हणायचे, आवाज पुरे आहे, पळणारे कमी आहेत. तरी ते पुढे काही वर्षं त्याच मैदानावर होते, आणि गेले ते स्वतःच्या मनाने.

निवृत्त झाल्यावर कोच माझ्या नव्या पेशंटना भेटायला येऊ लागले. उपदेश करायचे नाहीत. हवा घेऊन दोन शब्द, मग शांतता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे नागपूरचे एक काका आले. बँकेतून निवृत्त, जवळच्याच फ्रिस्को गावी मुलाकडे आले होते आणि इथेच ऑपरेशन झालं. क्लिनिकमध्ये त्यांना बऱ्यापैकी बोलता यायला लागलं होतं, पण घरी एक अक्षर काढत नव्हते. सुनेसमोर ढेकर द्यायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. दिवसभर वरच्या खोलीत बसायचे. काही हवं असलं की चिठ्ठी लिहून जिन्यावरून खाली सोडायचे.

मी कोचना घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि सुरेख इंग्रजी अक्षरात लिहिलं, "तुम्ही धार्मिक आहात असं ऐकलं. देवाचा कधी राग आला का?"

कोचनी हवा घेतली. "आजच आला." पुन्हा हवा. "पार्किंग."

काकांचे खांदे हलले. मी दोघांना तिथेच सोडून खाली आले. सून स्वयंपाकघरात पोहे परतत होती. हळू आवाजात मला विचारत होती, बाबांना इथे आवडत नाही का, माझं काही चुकतंय का. मी काहीतरी सांगत होते. वरून कोचचा खरखरीत आवाज अधूनमधून येत होता, मग दुसरा एक आवाज, त्याहून बारीक.

मग जिन्याच्या वरच्या टोकाशी कुणीतरी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागली.

"दीपा."

तिच्या हातातला झारा थांबला. ऑपरेशननंतर त्या घरात काकांनी तिला एकदाही हाक मारली नव्हती.

"आले, बाबा," ती म्हणाली, आणि तशीच जिना चढायला लागली. गॅस मी बंद केला.